महासंगणकाच्या दारातली रांग

बालमित्रांनो, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. शाळेच्या संगणक-कक्षात दहा संगणक आहेत आणि वर्गात मुलं आहेत चाळीस. तास पस्तीस मिनिटांचा. मग संगणकावर बसायचं कुणी?

‘जो आधी पळत येईल त्याने,’ असं म्हणाल, तर दांडगी मुलं रोज पहिली येणार आणि बाकीची दारातच राहणार. ‘एकेका संगणकावर चौघांनी,’ असं म्हणाल, तर माऊस एकाच्याच हातात राहणार आणि तिघे नुसते माना उंचावून बघणार. बरं, हजेरीच्या क्रमाने बसवावं, तर एकाला फक्त चार ओळी टाईप करायच्या असतात आणि दुसऱ्याला विज्ञान-प्रदर्शनाचा अख्खा तक्ता तयार करायचा असतो. दोघांना सारखाच वेळ दिला, तर ते बरोबर होईल का? कोणताही नियम करा, कुणीतरी उठून म्हणणारच, “बाई, हे काही खरं नाही!”

आता गंमत ऐका. अगदी हाच प्रश्न जगातल्या मोठमोठ्या महासंगणकांपुढेही रोज उभा असतो. तिथे दांडगाई करणारी मुलं नसतात, शास्त्रज्ञ असतात. पण प्रत्येकाला वाटत असतं, की आपलं काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि ते आत्ताच व्हायला हवं! मग तिथे भांडणं कशी होत नाहीत? वाटणी कोण करतं? चला, आज त्या महासंगणकाच्या दारात जाऊ या.

संगणकांचा घड

महासंगणक म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे एक अवाढव्य यंत्र येतं. प्रत्यक्षात आत शिरलात, तर तिथे दिसतील कपाटांच्या रांगा. स्वयंपाकघरातल्या मांडणीत ताटं लावावीत, तसे प्रत्येक कपाटात चपटे संगणक एकावर एक बसवलेले. त्यांना ना पडदा, ना कळफलक, ना माऊस. ते थंड ठेवण्यासाठी अहोरात्र गार वारा किंवा पाणी खेळवलेलं. अशा एकेका संगणकाला ‘नोड’ म्हणतात. शेकडो, हजारो नोड अतिशय वेगवान तारांनी एकमेकांना जोडले, की तयार होतो ‘क्लस्टर’.

क्लस्टर म्हणजे घड. द्राक्षांचा घड आठवा. एकेक मणी लहानसाच, पण देठांनी एकत्र बांधलेला. इथेही तसंच. एकटा नोड तुमच्या घरच्या संगणकाहून थोडा ताकदवान, इतकंच. पण मोठं गणित तुकडे करून हजार नोडना वाटून दिलं, तर वर्षांचं काम दिवसांत उरकतं.

अनेक लहान संगणकांना एका कामाला जुंपायची ही युक्ती आपल्या पुण्यातही फार पूर्वी वापरली गेली. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. तिकडे अमेरिकेत १९९४ साली ‘नासा’मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर या दोघांनी बाजारात मिळणारे साधे १६ संगणक जोडून एक क्लस्टर बनवला. एका जुन्या इंग्रजी काव्यातल्या वीराचं नाव त्यांनी त्याला दिलं, ‘बेओवुल्फ’. साध्या संगणकांतूनही असं यंत्र उभं राहू शकतं म्हटल्यावर विद्यापीठा-विद्यापीठांत क्लस्टर दिसू लागले.

एवढा मोठा, तरी अपुरा का?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्का’ नावाचा महासंगणक सुरू झाला. त्याची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप. पेटा म्हणजे एकावर पंधरा शून्ये. म्हणजे सेकंदाला साडेअकराहून जास्त वेळा ‘एकावर पंधरा शून्ये’ इतकी गणितं! नीट कळत नाही ना? मग असा विचार करा. जगातल्या सुमारे आठशे कोटी माणसांनी, अगदी तान्ह्या बाळांनीसुद्धा, दर सेकंदाला एक बेरीज करायची. जेवायचं नाही, झोपायचं नाही. तरी अर्काचं एका सेकंदाचं काम करायला त्यांना जवळजवळ १७ दिवस लागतील.

मग इतकी ताकद असताना रांग कशाला? कारण ताकद वाढली, की प्रश्नही मोठे होतात.

हवामानाचंच उदाहरण घेऊ. अंदाज काढताना शास्त्रज्ञ नकाशावर आलेखाच्या कागदासारखे चौकोन आखतात आणि प्रत्येक चौकोनातल्या हवेचं गणित मांडतात. आपल्याकडे पूर्वी हे चौकोन १२ किलोमीटरचे होते. इतक्या मोठ्या चौकोनात तुमचं गाव, शेजारचं गाव आणि मधला डोंगर सगळं एकच समजलं जायचं. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या चौकोनांची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. आता वहीवर करून बघा. १२ किलोमीटरच्या एका चौकोनात ६ किलोमीटरचे किती चौकोन बसतात? दोन नाही बरं, चार! शिवाय चौकोन लहान झाला, की वारा तो लवकर ओलांडतो. म्हणून घड्याळाचीही पावलं निम्मी करावी लागतात, म्हणजे गणितं पुन्हा दुप्पट. चार दुणे आठ. चौकोनाची बाजू निम्मी केली आणि काम झालं आठपट! उद्या कुणी तीन किलोमीटरचे चौकोन मागेल, तेव्हा पुन्हा आठपट.

आणि मागणारे काही हवामानवालेच नसतात. कुणाला औषधाचा रेणू शरीरातल्या प्रथिनाला कसा चिकटतो ते पाहायचं असतं, कुणाला दोन आकाशगंगांची टक्कर संगणकावर घडवून बघायची असते. पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ आला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, सगळ्यांचा त्यावर डोळा! म्हणून वाटणीचे नियम हवेतच.

दारावरची ओळख

पहिला नियम असा, की आत येणाऱ्या प्रत्येकाचं स्वतंत्र खातं हवं. बँकेत असतं तसंच. नाव, पासवर्ड, स्वतःच्या फायली ठेवायला स्वतःची जागा, आणि कुणी किती वापर केला याची नोंद.

तुम्हांला वाटत असेल, पासवर्ड म्हणजे हल्लीची मोबाईलच्या जमान्यातली गोष्ट. छे! अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी १९६१ साली एक नवी पद्धत करून दाखवली. एकच मोठा संगणक अनेक जण एकाच वेळी वापरू शकतील, अशी. संगणक प्रत्येकाचं काम क्षणभर करायचा आणि लगेच पुढच्याकडे वळायचा. इतक्या झटपट, की प्रत्येकाला वाटावं, संगणक माझ्याच सेवेत आहे. पण संगणक सगळ्यांचा झाला, तशी ‘माझ्या फायली दुसऱ्याने पाहिल्या तर?’ ही काळजीही आली. म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला. संगणकावरचे पासवर्ड सर्वांत आधी वापरले गेले, ते अशा ठिकाणी. म्हणजे पासवर्डचा जन्म चोरांच्या भीतीपेक्षा एकत्र राहण्याच्या गरजेतून झाला, म्हणा ना!

आणि लगेच पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, तो फोडलाही गेला! अ‍ॅलन शेर नावाच्या तिथल्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला फक्त चार तास मिळत. ते त्याला पुरेनात. मग त्याने युक्ती लढवून सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. बऱ्याच वर्षांनी त्यानेच ही हकिकत सांगितली. ऐकताना हसू येतं खरं. पण त्याने जे जादा तास वापरले, ते आले कुठून? दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातूनच ना?

पाटकरी आणि पाळी

आत आल्यावर लगेच काम सुरू करता येतं का? नाही. पासवर्ड दिला, की आपण पोचतो ‘लॉगिन नोड’वर. ही समजा घराची ओसरी. इथे सगळे येतात, बसतात, फायली नीटनेटक्या करतात, आपलं काम तयार करतात. पण ओसरीवर कुणी चूल मांडत नाही! एखाद्या नवख्याने इथेच मोठं गणित चालवलं, तर येणारे-जाणारे सगळे खोळंबतात. म्हणून असं काम तिथल्या तिथे थांबवलं जातं.

खरं काम आतल्या नोडवर. त्यासाठी एक चिठ्ठी लिहून द्यायची. ‘मला ४ नोड पाहिजेत, ६ तास पाहिजेत, एवढी स्मृती पाहिजे आणि हा माझा प्रोग्राम.’ या चिठ्ठीला ‘जॉब’ म्हणतात. ती घेणारा कुणी माणूस नसतो. तोही एक प्रोग्रामच असतो. त्याचं नाव ‘शेड्युलर’. ‘स्लर्म’ नावाचा असा प्रोग्राम अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार होऊ लागला आणि आज तो जगभर, आपल्या ‘परम’ मालिकेतल्या महासंगणकांवरही, वापरला जातो.

तुमच्या गावाला कालव्याचं पाणी येत असेल, तर तुम्हांला पाटकरी माहीत असेलच. कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी सोडायचं ते पाळीप्रमाणे बघणारा. पाळी नसेल, तर काय होतं? कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं, ते पोटभर पाणी घेतात आणि टोकाच्या शेतकऱ्याच्या उसापर्यंत ओल पोचतच नाही. शेड्युलर म्हणजे महासंगणकाचा पाटकरी. चिठ्ठ्या घ्यायच्या, पाळी लावायची, वेळ झाली की नोड द्यायचे आणि वेळ संपली की काढून घ्यायचे.

हो, काढून घ्यायचे! तुम्ही सहा तास मागितलेत आणि काम सहा तासांत संपलं नाही, तर शेड्युलर ते सरळ बंद करतो. मागची रांग त्याला दिसत असते. म्हणून शहाणे शास्त्रज्ञ प्रोग्राम असा लिहितात, की तो मधूनमधून ‘इथवर आलो’ अशी खूण करून ठेवतो, आपण पुस्तकात मोरपीस ठेवतो तशी. काम बंद पडलं, तर पुढच्या पाळीला त्या खुणेपासून सुरू करायचं.

रांगेतली फट

आता थोडं डोकं लावायची गोष्ट. समजा, एका छोट्या क्लस्टरमध्ये १० नोड आहेत. त्यांतले ६ नोड अजून ५ तास कामात आहेत. ४ मोकळे आहेत. रांगेत तिघं उभे आहेत.

पहिल्याला हवेत १० नोड.
दुसऱ्याला हवेत ३ नोड, ४ तासांसाठी.
तिसऱ्याला हवेत २ नोड, ८ तासांसाठी.

पहिल्याला सगळेच नोड हवेत. म्हणजे त्याला पाच तास थांबावंच लागणार. मग तोवर ते चार नोड रिकामे ठेवायचे का? बँकेतला काउंटर रिकामा आणि आपण मात्र रांगेत, असं झालं, तर किती राग येतो!

शेड्युलर इथे छान युक्ती करतो. तो दुसऱ्याला आत सोडतो. का? कारण त्याचं काम चार तासांत संपणार. पाच तासांनी पहिल्याची पाळी येईल, तेव्हा सगळे नोड मोकळे असतील. पहिल्याचं काडीइतकंही नुकसान नाही आणि रिकामे नोड कामाला लागले. तिसऱ्याला मात्र तो सोडत नाही. त्याचं काम आठ तास चालेल आणि पहिल्याला तीन तास जास्त थांबावं लागेल.

म्हणजे रांग मोडून पुढे जाणं नेहमीच अन्याय नसतं. पुढे गेल्याने आधीच्याचं नुकसान होतं का, हे पाहायचं.

पण ही युक्ती जमण्यासाठी एक गोष्ट लागते. प्रत्येकाने आपल्या कामाला किती वेळ लागेल, ते विचार करून लिहायला हवं. भीतीपोटी चार तासांच्या कामाला कुणी ‘अठ्ठेचाळीस तास’ लिहिलं, तर शेड्युलर म्हणतो, ‘हे या फटीत मावत नाही.’ आणि तो बिचारा विनाकारण रांगेत राहतो. कमी लिहिलं, तर काम अर्धवट तुटतं. म्हणून आधी लहान गणित चालवून बघायचं, त्याला किती वेळ लागला ते मोजायचं आणि मग थोडी भर घालून चिठ्ठी लिहायची. तुमच्याकडून गृहपाठाला किती वेळ लागेल, असं आई विचारते, तेव्हा तुम्ही काय उत्तर देता? आठवून बघा हं!

ज्याने काल जास्त घेतलं, त्याने आज थांबावं

रांग लागली, फटी भरल्या. तरी एक अडचण उरतेच. एखाद्या हुशार गटाने एका रात्रीत शंभर चिठ्ठ्या टाकून ठेवल्या तर? सकाळी येणाऱ्या लहान गटाची एकुलती चिठ्ठी एकशेएकावी! नियम कुणीच मोडलेला नाही, पण टोकाचं शेत कोरडंच राहिलं.

यासाठी शेड्युलर सगळ्यांच्या वापराचा हिशेब ठेवतो. एक नोड एक तास वापरला, की एक ‘नोड-तास’. समजा, एका महासंगणकावर खगोलवाले आणि रसायनवाले या दोन गटांचा वाटा निम्मा-निम्मा आहे. गेल्या काही दिवसांत खगोलवाल्यांनी ८०० नोड-तास वापरले आणि रसायनवाल्यांनी १००. आज दोघांच्याही चिठ्ठ्या आल्या, तर रसायनवाल्यांची आधी लागेल. खगोलवाल्यांची जरी तासभर आधी आलेली असली, तरी! घरात लाडू वाटताना आजी म्हणते ना, ‘तू सकाळी तीन खाल्लेस, आता तिला दे’? तसंच हे.

पण मग खगोलवाल्यांनी कायमच मागे राहायचं का? तेही नाही. जुना वापर हळूहळू विसरला जातो. पुष्कळ ठिकाणी दर आठवड्याला तो निम्मा धरतात. ८०० चे एका आठवड्याने ४००, मग २००, मग १००. म्हणजे जास्त वापरणं हा काही गुन्हा नव्हे. त्या दिवशी यंत्र रिकामं असेल, तर खुशाल वापरा. फक्त पुढच्या वेळी दुसऱ्याला आधी जाऊ द्या.

शिवाय, चिठ्ठी जितके दिवस थांबते, तितके तिचे गुण वाढत जातात. नाहीतर ज्याला पुष्कळ नोड हवेत, त्याच्या पुढून लहान कामं रोज निघून जातील आणि त्याची पाळी कधी येणारच नाही.

काही कामांना मात्र वेगळा न्याय असतो. रस्त्यात रुग्णवाहिकेला वाट देतो, तसा. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा हाती आला, तर त्याचं काय करायचं? मच्छीमार समुद्रात गेलेला असेल, शेतकऱ्याचा काढलेला कांदा भिजून गेला असेल. म्हणून रोजच्या अंदाजासाठी नोड आणि वेळ आधीच राखून ठेवतात. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ पसरत असताना अमेरिकेत सरकार, विद्यापीठं आणि कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपले महासंगणक करोनावरच्या संशोधनासाठी उपलब्ध करून दिले. त्या वेळी इतर कामं थोडी मागे राहिली, तर ते योग्यच होतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वाटा निम्मा की पाव, कोणतं काम तातडीचं, जुना वापर किती दिवसांनी विसरायचा, हे काही शेड्युलर ठरवत नाही. ते माणसं ठरवतात, बसून, चर्चा करून, कधी वाद घालून. यंत्र फक्त ते न कंटाळता पाळतं. आणि रांगेत कोण कुठे आहे, हे बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला पाहता येतं. त्यामुळे ‘माझा नंबर मागे का?’ असं विचारता येतं आणि त्याचं उत्तरही मिळतं.

पक्की वही आणि पाटी

वाटणी नोडचीच नाही, फायली ठेवायच्या जागेचीही करावी लागते. प्रत्येकाला दोन जागा मिळतात. एक ‘होम’, म्हणजे आपली पक्की वही. जागा थोडी, पण टिकाऊ. दुसरी ‘स्क्रॅच’, म्हणजे पाटी. जागा भरपूर, पण ती कच्च्या कामासाठी. ठरलेल्या मुदतीत हात न लावलेल्या फायली तिथून पुसल्या जातात. नियमात तसं आधीच लिहिलेलं असतं. तरीही ‘नंतर काढू’ म्हणून महत्त्वाचं काम पाटीवरच ठेवणारे असतात आणि मग डोक्याला हात लावून बसतात!

कधी कधी मात्र वापरणाऱ्याची काहीच चूक नसते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात काय झालं, पाहा. तिथल्या महासंगणकावरच्या जुन्या नोंदी पुसण्यासाठी एक प्रोग्राम होता. तो चालू असतानाच त्यात बदल करण्यात आला. मग त्याने नको त्या फायली पुसल्या. सुमारे ७७ टेराबाईट माहिती, ३ कोटी ४० लाख फायली! चौदा संशोधन-गटांना त्याचा फटका बसला. त्यांतल्या चार गटांची माहिती परत मिळवणं शक्यच नव्हतं. म्हणून मुलांनो, महत्त्वाची गोष्ट दोन ठिकाणी ठेवायची. यंत्र कितीही मोठं असो.

किल्ल्यांचा जुडगा

हे सगळं सांभाळणारी माणसं पडद्यामागे असतात. त्यांना ‘सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणतात. नव्या विद्यार्थ्याचं खातं उघडायचं, शिकून बाहेर पडलेल्याचं बंद करायचं, बिघडलेला नोड रांगेतून बाजूला काढायचा, गारवा नीट आहे ना ते पाहायचं आणि ‘माझं काम का सुरू होत नाही?’ या प्रश्नाला शंभराव्यांदा शांतपणे उत्तर द्यायचं.

त्यांच्याकडे सगळ्या किल्ल्या असतात. ते कुणाचीही फाईल उघडू शकतात, कुणाचंही काम थांबवू शकतात. म्हणूनच त्यांच्यावर बंधनंही जास्त. गरज असेल तेव्हाच मोठी किल्ली वापरायची, काय केलं त्याची नोंद ठेवायची आणि मित्राची चिठ्ठी गुपचूप पुढे सरकवायची नाही. एकदा जरी असं झालं आणि लोकांना कळलं, तर नियमांवर विश्वास कोण ठेवील?

आणि एका माणसाची ढिलाई सगळ्यांना कशी महागात पडते, याचंही उदाहरण आहे. मे २०२० मध्ये युरोपातले बरेच महासंगणक बंद करावे लागले. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथला ‘आर्चर’, तसेच जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधले काही. चोरांनी भिंत फोडली नव्हती. त्यांनी वापरकर्त्यांची चोरलेली ओळख दाखवली आणि ते सरळ दारातून आत आले! काही ठिकाणी तर ते फुकटच्या यंत्रावर आभासी चलन तयार करत होते. परिणाम काय? ज्यांचा काहीच दोष नव्हता, अशा शेकडो शास्त्रज्ञांची कामं थांबली आणि नवे पासवर्ड घ्यावे लागले. तेही करोनाच्या ऐन साथीत. तेव्हा ‘माझा पासवर्ड मित्राला सांगितला तर काय बिघडलं?’ असं कुणी म्हणालं, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. घरात एकच संगणक किंवा एकच मोबाईल आणि मुलं दोन, असं असेल, तर पाळी तुम्ही ठरवून देऊ नका. नियम मुलांनाच कागदावर लिहू द्या. ‘परीक्षा असेल त्याला आधी’, ‘काल जास्त वापरला त्याने आज थांबावं’ असे नियम ती आपणहून शोधून काढतात आणि स्वतः लिहिलेला नियम जास्त मनापासून पाळतात.

वहीवरचा खेळ

आता तुम्हीच पाटकरी व्हा! चौकटींच्या वहीत चार आडव्या ओळी घ्या. हे झाले चार नोड. प्रत्येक ओळीत दहा चौकटी घ्या. हे झाले दहा तास. रांगेत पाच जण या क्रमाने उभे आहेत:

अमोल : ३ नोड, २ तास
बकुळा : ४ नोड, ३ तास
केतन : १ नोड, २ तास
दीपा : २ नोड, ३ तास
ईशान : २ नोड, ३ तास

प्रत्येकाला एक रंग द्या आणि चौकटी रंगवा. एका कामाचे सगळे नोड एकाच वेळी सुरू झाले पाहिजेत आणि मध्ये खंड पडता कामा नये. आधी सक्त रांगेने रंगवा. म्हणजे पुढच्याचं काम सुरू झाल्याशिवाय मागच्याने सुरू करायचं नाही. सगळी कामं संपायला किती तास लागले? मग फट भरायची युक्ती वापरून पुन्हा रंगवा. कुणाचंही काम सक्त रांगेपेक्षा उशिरा सुरू व्हायला नको. किती तास वाचले?

स्वतः करून झाल्यावरच पुढचं उत्तर वाचा बरं का!

उत्तर : सक्त रांगेने १० तास लागतात. अमोलच्या शेजारचा एक नोड दोन तास रिकामा राहतो आणि ईशानला सातव्या तासाच्या अखेरीपर्यंत थांबावं लागतं. केतनला अमोलच्या शेजारी सुरुवातीलाच बसवलं, तर पहिले दोन तास अमोल आणि केतन, पुढचे तीन तास बकुळा, आणि शेवटचे तीन तास दीपा व ईशान शेजारी-शेजारी. सगळं काम ८ तासांत पूर्ण, त्या आठ तासांत एकही चौकट कोरी नाही आणि कुणालाही आधीपेक्षा जास्त थांबावं लागलं नाही.

जमलं ना? मग आता मैत्रिणीसाठी पाच नवी कामं तयार करा आणि तिला कोडं घाला. फक्त एक काम सगळेच्या सगळे नोड मागणारं ठेवा. खरी मजा तिथेच आहे!